डबी खाली ठेव

शिवणकामात माझा एकच नियम आहे, आणि ज्या ज्या बायकांना मी मशीनवर बसायला शिकवलं त्यांना तो पहिल्याच दिवशी सांगितला आहे. सुई मोडली की पाय उचलायचा, उठायचं आणि तुकडे शोधायचे. सापडलेले तुकडे टेबलावर एका रेषेत मांडायचे, शेजारी नवी सुई ठेवायची आणि लांबी जुळते का ते पाहायचं. जुळली तरच नवी सुई लावायची. नाही जुळली तर तो कपडा घराबाहेर जाणार नाही.

नियमाचं कारण माझ्या डाव्या टाचेत आहे. सांगलीला असताना, नऊ वर्षांची असेन, आईच्या मशीनखालून चालत गेले आणि सुईचं टोक पायात गेलं. वरून काहीच दिसत नव्हतं. दोन दिवस लंगडले, तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी टाच कापली तेव्हा टोक जिथून आत गेलं होतं तिथून आणखी बाजूला सरकलं होतं. डॉक्टर आईला म्हणाले, "सुई आत एका जागी बसत नाही, बाई. ती चालते." हे वाक्य ऐकल्यावर मला जे वाटलं ते अजून वाटतं.

लखनऊत येऊन आम्हाला बावीस वर्षं झाली. नवरा इथल्या एका संशोधन संस्थेत आहे. आम्ही इंदिरा नगरमध्ये राहतो. मशीन मी लग्नात आणलेलंच आहे. माझे कुर्ते मी स्वतः शिवते, कारण दुकानातल्या कुर्त्याला खिसा नसतो. मुलीचे फ्रॉक तिने दहावीपर्यंत मुकाट्याने घातले. जुन्या साड्यांच्या गोधड्या, डब्याच्या पिशव्या, कुकरखाली ठेवायच्या चकत्या, असलं काही ना काही चालू असतं. छंद वगैरे नाही. हात रिकामे असले की मला चिडचिड होते, एवढंच.

गेल्या जानेवारीत, माझ्याकडे शिवण शिकलेल्या, छावणीतल्या एका मराठी मुलीला मुलगा झाला. तिचा नवरा फौजेत, माहेर नगरकडे, सासर साताऱ्याला. नवऱ्याला बहीण नाही. बारशाला आत्या लागते, ती मी व्हायचं ठरलं. तेव्हापासून ती मला ताईऐवजी "वन्सं" म्हणायला लागली आणि मुद्दाम पदर घेतल्यासारखं करायची. आत्या झाले म्हटल्यावर कुंची माझ्याकडे आली.

ज्यांनी कुंची पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर बसणारी टोपी आणि तिलाच मागे जोडलेला, पाठीवरून खाली येणारा घोळ. मानेपाशी चुण्या, हनुवटीखाली बांधायला बंद. माझ्या मुलीने ती मशीनवर पाहिली आणि विचारलं, "मम्मी, ये टोपी है या परदा?"

"तुलाही घातली होती."

"फोटो डिलीट कर देना, प्लीज़."

सांगलीहून आणलेला खणाचा तुकडा होता, जांभळा, हिरव्या काठाचा. लखनऊची जानेवारी म्हणजे दुपारपर्यंत धुकं, म्हणून आतून फ्लॅनेल लावलं आणि मध्ये कापसाचा पातळ थर घातला. मानेपाशी खण, कापूस, फ्लॅनेल, त्याच्या चुण्या आणि वर जरीची पट्टी. एवढ्या जाडीला सोळा नंबरची सुई लागते. माझ्या मशीनला चौदाची होती. बदलायला हवी हे मला माहीत होतं. एकच फेरी उरली होती म्हणून मी बदलली नाही.

सुई चुण्यांवर मोडली. बारशाच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. मी उठले, तुकडे शोधले, पत्र्याच्या छोट्या डबीत टाकले. लांबी जुळवणार तेवढ्यात बाळाच्या वडिलांचा फोन आला. ते खाली गेटपाशी येऊन उभे होते, कुंची न्यायला, आणि त्यांना साडेसातला युनिटमध्ये परत जायचं होतं. मी सोळाची सुई लावली, फेरी पुरी केली, धागे कापले आणि कुंची पिशवीत घालून दिली. डबी मशीनशेजारी राहिली. तुकडे नंतर जुळवू, असं मनात म्हटलेलं मला स्पष्ट आठवतं.

दुसऱ्या दिवशी बारसं साडेअकराला होतं. सात वाजता कामवाली दीदी आली. मी अंघोळीला चालले होते. मशीन पुसून झाकायला सांगितलं आणि जाता जाता म्हटलं, "और वो डिबिया खाली रख देना."

नऊ वाजता, साडीला पिन लावताना, डबीची आठवण झाली. कपाटाच्या खालच्या खणात पाहिलं, नव्हती. मशीनवरच होती. उघडली तर आत काही नाही. नुसती रिकामी नाही, धुऊन पुसून लख्ख केलेली.

"दीदी, इसमें सुई के टुकड़े थे."

"जी भाभी, फेंक दिए."

"फेंक क्यों दिए?"

"आप ही ने तो कहा, खाली रख दो. हमने खाली कर दी, फिर सोचा धो भी दें."

बावीस वर्षांत भाजीवाल्याशी, मुख्याध्यापकांशी, विजेच्या ऑफिसात, सगळीकडे माझी हिंदी चालली. पण घाईत असले की तोंडात सांगली येते. मला म्हणायचं होतं, डबी खाली ठेव. तिने ऐकलं, डबी रिकामी कर. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

"कितने टुकड़े थे?"

"अब गिने थोड़े ही, भाभी. दो थे. या तीन."

कचऱ्याची गाडी आठलाच येऊन गेली होती.

मी खुर्चीत बसून आठवायचा प्रयत्न केला. सुईचा जाड भाग मशीनमध्येच अडकला होता, तो मी स्क्रू सैल करून काढला. मधला तुकडा पट्टीवर पडला होता. आणि टोक? टोक मी उचललं होतं का? डोळ्यांसमोर माझी बोटं येत होती, चिमटीत काहीतरी होतं, पण ते टोक होतं की कापलेला धागा, ते दिसत नव्हतं. जितकं आठवत गेले तितकं ते चित्र मीच तयार करते आहे असं वाटायला लागलं.

टोक टेबलावर नव्हतं. खाली टॉर्च मारून, फरशीवर ओला कपडा फिरवून पाहिलं. नव्हतं.

बाळाच्या आईला फोन लावला. तिने उचलला तेव्हा मागे बायकांचा गलका होता.

"वन्सं, निघालात का? कुंची काय सुंदर झालीय. घातली पण त्याला."

"घातली?"

"केव्हाच. घालून झोपलाय सुद्धा. आजी म्हणतात, हलवू नका, मुहूर्तापर्यंत झोपू दे."

इथे मी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "एक टाका सैल राहिलाय. काढून ठेव, मी येऊन घालते."

"असू दे हो एक टाका. त्याला कुठे कळतंय."

मी ठीक आहे म्हटलं आणि फोन ठेवला. नंतर मी स्वतःला असं सांगितलं की खरं बोलले असते तर तिने घाबरून कुंची ओढून काढली असती आणि टोक त्याला ओरखडलं असतं. हे कारण मला फोन ठेवल्यावर सुचलं. त्याच्या आधी फक्त एवढंच होतं की तिलाही मी तो नियम पहिल्या दिवशी सांगितला होता.

जुन्या स्पीकरमधून काढलेलं एक लोहचुंबक माझ्या शिवणाच्या डब्यात असतं. ते, बारीक कात्री आणि सुईदोरा पर्समध्ये टाकून मी स्कूटी काढली. धुकं होतं. पॉलिटेक्निकच्या चौकात सिग्नल तीनदा लाल झाला. माझं लक्ष रस्त्यावर नव्हतं. बाळ झोपेत मान वळवतं, एवढंच डोळ्यांसमोर होतं. चुण्या बरोब्बर मानेवर येतात. बाळ जितकं हालेल तितकं कापसातलं टोक बाहेरच्या बाजूला येईल, किंवा आतल्या. आणि तीन आठवड्यांच्या मानेत जायला त्याला वेळ लागणार नाही. वरून काही दिसणार नाही. बाळ रडेल आणि सगळ्या म्हणतील, भूक लागली.

मग बारशाचा विचार आला. आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगते आणि त्याच वेळी मागच्या बायका कुर्रर्र करत तिच्या पाठीत धपाटे घालतात. म्हणजे मी त्याच्यावर ओणवी असणार, माझा हात त्याच्या डोक्याखाली असणार आणि वरून धपाटे बसणार.

छावणीच्या नाक्यावर शिपायाने अडवलं. "कहाँ जाना है, मैडम?" मी सांगितलं. त्याने ओळखपत्र मागितलं. माझं आधार कार्ड दुसऱ्या पर्समध्ये होतं, कारण साडीवर ही पर्स घेतली होती. तो शांतपणे म्हणाला, "साइड में लगा लीजिए. अंदर से फोन करवा दीजिए." मी बाळाच्या वडिलांना फोन केला, ते उचलेनात. चौथ्यांदा उचलला. एकूण दहा मिनिटं गेली असतील. हातमोज्यांतल्या माझ्या बोटांना घाम आला होता.

घरात सात-आठ बायका होत्या, पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या. बाळाची आजी, साताऱ्याहून आलेली, त्याला मांडीवर घेऊन बसली होती. जांभळी कुंची हनुवटीखाली घट्ट बांधलेली.

"आली बाई आत्या," आजी म्हणाल्या. "पाठीला तेलबिल चोळून आलीस ना?"

सगळ्या हसल्या. मी हात पुढे केले. त्यांनी बाळ दिलं. डावा तळवा त्याच्या मानेखाली गेला आणि अंगठ्याने मी चुण्या चाचपायला लागले. जरीच्या पट्टीखाली सगळंच टोचरं लागत होतं. त्याच वेळी त्याने डोळे उघडले आणि रडायला सुरुवात केली. साधं रडणं नव्हतं, एकदम वरच्या सुरात.

"आत्या पसंत नाही," कुणीतरी म्हणालं.

"ह्याच्या आईला बोलवा," मी म्हटलं. "आतल्या खोलीत. पाजून घेऊ दे."

ती आत आली. मी दार लावलं आणि सांगितलं, "सुई मोडली होती काल. टोक सापडलेलं नाही. ह्यात असेल."

ती पलंगावर बसली, बंद सोडले आणि कुंची मागे न ओढता दोन्ही हातांनी वर उचलून काढली. मी शिकवलं असतं तसंच. मग तिने त्याला पालथं केलं. मानेवर, उजव्या कानाच्या मागे, एक लाल ठिपका होता.

आम्ही दोघी त्या ठिपक्याकडे पाहत राहिलो. तिने बोटाने हलकेच दाबलं. त्याने पाय झाडले. रक्त नव्हतं, भोकही दिसत नव्हतं. मला टाच आठवली. तिथेही वरून काही दिसत नव्हतं.

मी कुंची पलंगावर पसरली आणि चुंबक फिरवलं. टोपीवर काही नाही. घोळावर काही नाही. चुण्यांवर डावीकडून निघाले आणि उजव्या बाजूला, काठापासून दोन बोटं आत, कापड किंचित उचललं गेलं. मी तिथलं फ्लॅनेल उसवलं. कापसात टोक होतं, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं. अणी फ्लॅनेलमध्ये रुतलेली, बाळाच्या बाजूला.

मी ते चुंबकावर चिकटवून तिला दाखवलं, कारण सगळं सापडलं की नाही हे तिला कळायला हवं होतं. तिने ते पाहिलं, मग ठिपका पाहिला, मग मला विचारलं, "फोनवर का नाही सांगितलंत?"

ती वन्सं म्हणाली नाही.

शेजारी लष्करी दवाखान्यातली नर्स राहायची, बारशालाच आली होती. तिला आत बोलावलं. तिने भिंग आणवून कानामागची जागा पाहिली, दाबून पाहिली, आणि म्हणाली, वरवर लागलंय, आत काही गेलेलं नाही. संध्याकाळी सूज आली तर लगेच घेऊन या. मी तिला दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती म्हणाली, "आंटी जी, आप बैठ जाइए."

बाहेर आम्ही सांगितलं की कुंचीत त्याला उकडत होतं. जानेवारीत. आजींनी माझ्याकडे पाहिलं. बाळाला सुती टोपडं घातलं आणि बारसं पाऊण तास उशिरा झालं. मी वाकून नाव सांगितलं. पाठीत धपाटे बसले, हसत, बांगड्यांचा आवाज करत. त्यांतला एक बाकीच्यांसारखा नव्हता. तो कुणाचा होता ते मला न बघता कळलं, आणि मी वाकलेलीच राहिले.

संध्याकाळी सूज आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पंधरा दिवस मी रोज फोन करून विचारत राहिले आणि ती रोज "ठीक आहे" एवढंच म्हणत राहिली.

कुंची माझ्याकडेच आहे, कपाटाच्या खालच्या खणात, मानेपाशी फ्लॅनेल उसवलेलं तसंच. शिवायला दहा मिनिटं लागतील. तिने मागितलेली नाही, आणि मीही शिवलेली नाही.