राख आणायला सूर्यमाळला

भर उन्हाळ्यात सूर्यमाळला जाऊ नये, असं माझं मत होतं आणि अजून आहे. वर पाण्याची टंचाई, वळणावळणाचा रस्ता, त्यात माझी शुगर. पण नात मनीषा एकटीच निघाली होती, ते मला त्याहून धोक्याचं वाटलं. म्हणून जव्हारहून सकाळच्या एसटीने दोघं निघालो.

मनीषा नॉर्वेत शिकते. तिकडे थंड किनाऱ्यावर हजारो वर्षांपूर्वी माणसं मासे आणि सील नावाचे समुद्रप्राणी मारून राहायची. त्यांची घरं गेली, चुलीच्या जागची काळी माती राहिली. त्या मातीवरून ते काय जाळायचे, काय खायचे, आसपास कोणती झाडं होती, ते मनीषासारखी मंडळी ओळखतात. मी सातवी शिकलेला. विचारलं, "ओळखलेलं बरोबर कशावरून?"

"म्हणून तर सूर्यमाळ, आजोबा. तिथली चूल विझलेली आहे, पण तिच्यात काय जाळलं ते सांगणारं माणूस आहे. दोन्ही ताडून बघायचं."

ते माणूस म्हणजे जनीबाई. जव्हारला आमच्या पिठाच्या गिरणीत ती बरीच वर्षं कामाला होती. तिच्या आईचं घर पाड्याच्या वरच्या अंगाला होतं. आई गेल्यावर सगळे खाली रस्त्याजवळ आले. वर नुसता ओटा आणि चुलीचे तीन दगड उरले. खणायला तिने फोनवर होकार दिला होता.

मोखाड्याला गाडी बदलून खोडाळ्याला उतरलो. तिथेच खाऊन घ्या, बाटल्या भरून घ्या. वर काही मिळेल असं धरू नका. पुढे जीप. भाडं बसण्याआधी ठरवा. मी ब्रेकचंही विचारलं.

"ब्रेक हाय ना, बाबा," ड्रायव्हर म्हणाला. मग मनीषाची खणायची थापी बघून, "हंडा काढाय चाललाव का? सांगा, गाडी रिकामी ठेवतो!"

गाडीतले सगळे हसले. मला घाम फुटला. गुप्तधनाची आवई उठायला कितीसा वेळ लागतो?

जनीबाई ओट्यावर वाट बघत होती. शेजारी नागलीचं पीठ, तवा आणि काटक्या.

"आधी चूल पेटवायची. माझ्या आयसची चूल हाय. उपाशी उकरायची नाय."

मनीषाचा चेहरा उतरला. नवी राख मिसळली, जुनी पुन्हा तापली, की तिचं सगळं काम वाया. तसं तिने समजावून सांगितलं.

"मंग खालची घे."

"खालची पण भाजते, मावशी."

मी मध्ये पडलो. "शेजारी दुसरे दगड मांडू. तिथे भाकरी कर."

"शेजारी जेवून आयसचं पोट भरंल का, बाबा?"

मला वाटलं, आता भांडण होणार. जवळपास दुसरी अशी चूल नव्हती. बाकीच्यांनी दगड हलवले होते, जागा सारवल्या होत्या. मग मनीषाने पिशव्या बाजूला ठेवून फुंकणी मागितली.

पहिली भाकरी जनीबाईने चुलीपुढे पानावर ठेवली. आम्ही सुकटीच्या चटणीबरोबर दोन-दोन खाल्ल्या. गरम होत्या, चांगल्या होत्या. मला शुगरची आठवण नंतर झाली.

दगड निवल्यावर जनीबाई उठली. "आता उकर."

मनीषा हळूच म्हणाली, "राहू दे, मावशी."

"का? जेवली ना ती?" जनीबाईचा आवाज बदलला. "का आता आमची राख नको?"

मनीषा खाली बसली. थापीने थर थर काढत, मापाची पट्टी लावून, फोटो घेत, जसं एरवी केलं असतं तसंच सगळं केलं. कोमट राख पिशवीत भरली, वर नाव लिहिलं. जनीबाई शेवटपर्यंत उभी होती. उतरताना तिने मनीषाच्या हातात भाकऱ्यांचं फडकं दिलं.

जव्हारला घरी मनीषा बॅग भरत होती. सामान जास्त होत होतं. स्वेटर बाहेर काढला आणि राख आत ठेवली. मी म्हणालो, "उपयोग नाही तर वजन कशाला? विमानतळावर अडवतील."

"परवानगीचे कागद केलेत, आजोबा. नाही कशी नेऊ? मावशी विचारेल."

ती जाऊन आठवडा झाला. रस्ता, जीप, ऊन, माझी काळजी, कशाचंच आता विशेष वाटत नाही. काल जनीबाईचा फोन आला. माझी तब्येतही विचारली नाही.

"बाबा, आयस पोचली का?"

मनीषाने ती पिशवी तिकडच्या कपाटात ठेवल्याचं मला ठाऊक होतं. "पोचली," मी म्हणालो.