कुंदाच्या नावापुढचा हिरवा ठिपका

"नाव कोणाचं टाकताय, परब?" प्लांट हेडनी विचारलं.

माझ्यासमोर तपासणीचा फॉर्म होता. कारणाच्या रकान्यात मी 'मानवी चूक' लिहून ठेवलेलं. खालचा रकाना रिकामा होता. तिथे माणसाचं नाव लागतं.

मी तेव्हा कोलशेतच्या एका औषध कंपनीत पॅकिंगचा इन-चार्ज होतो. आदल्या दिवशी कल्याणच्या एका होलसेलरचा फोन आलेला. आमच्या मालात एक डबी अशी निघाली की वर छापलंय अडीचशे मिलिग्रॅम आणि आत गोळ्या पाचशेच्या. म्हणजे घेणाऱ्याच्या पोटात दुप्पट औषध. होलसेलरच्या माणसाला डबीचा रंग वेगळा दिसला म्हणून वाचलो. सगळी बॅच परत मागवावी लागली.

असं होऊ नये म्हणून एक नियम असतो. एक बॅच संपली की दुसरी सुरू करण्याआधी लाईन पूर्ण रिकामी करायची. आधीच्या मालाची एकही डबी मशीनमध्ये राहता कामा नये. याला लाईन क्लिअरन्स म्हणतात. ऑपरेटर साफ करतो, चेकर तपासतो, दोघांच्या सह्या झाल्या की मशीन चालू.

त्या लाईनवर ऑपरेटर होता दीपक. चपळ, बोलका, युनियनमध्ये वजन असलेला. चेकर आधी मंगलताई होत्या. दोघांचं रोज वाजायचं.

"मशीनच्या पट्ट्याखाली बघितलंस?"

"बघितलं ना, ताई."

"मग झाकण काढ, टॉर्च मार, मला दाखव."

"आता काय मशीन खोलून घरी नेताय?"

"नेईन. तू उचलून रिक्षात ठेव."

यात वीस-वीस मिनिटं जायची. प्लांट हेड काचेतून बघत असायचे आणि नंतर मला बोलवून घ्यायचे.

होलसेलरच्या त्या फोनच्या दोनेक महिने आधी ठाण्यातल्या एका हॉटेलात आमचं दोन दिवसांचं ट्रेनिंग झालेलं. टीममधल्या माणसांचे स्वभाव कसे ओळखायचे, असा विषय होता. चार रंग शिकवले. लाल म्हणजे भिडणारे, पिवळे म्हणजे बोलके, निळे म्हणजे हिशोबी, हिरवे म्हणजे जुळवून घेणारे. मी मुळात कमी बोलणारा. माणसं ओळखणं मला कधी जमलं नव्हतं. इथे तर तयार किल्लीच मिळाली. येताना स्टेशनरीच्या दुकानातून रंगीत ठिपके घेतले आणि ड्युटी चार्टवर प्रत्येकाच्या नावापुढे चिकटवले. मंगलताई लाल. दीपक पिवळा. कुंदा हिरवी.

कुंदा कल्याणजवळच्या मोहन्याहून यायची. कॉन्ट्रॅक्टवर तिसरं वर्ष. पर्मनंट होणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव गेलेलं, फक्त पत्र यायचं होतं. घरात कमावणारी ती एकटी, हे मला माहीत होतं. कामात चोख आणि कधी कोणाशी वाद नाही. मी मंगलताईंना स्टोअरमध्ये हलवलं आणि त्यांच्या जागी कुंदाला आणलं.

"भांडते म्हणून हलवताय ना?" मंगलताई म्हणाल्या. "हलवा. लाईन कोण बघणार तेवढं सांगा."

"कुंदा."

"पोरगी चांगली आहे. तिला वेळ द्या फक्त."

लाईनवर एकदम शांतता झाली. क्लिअरन्स सात मिनिटांत व्हायला लागला. प्लांट हेड म्हणाले, "परब, ट्रेनिंग फळलं." मला बरं वाटलं.

चौथ्या आठवड्यात कुंदा माझ्या केबिनच्या दारात आली. मी डिस्पॅचच्या फोनवर होतो.

"सर, पट्ट्याखालचं झाकण काढून बघायचंय. दहा मिनिटं लागतील. दीपकदादा म्हणतात, बघितलंय."

"त्याने बघितलंय ना? मग सही कर. गाडी उभी आहे."

ती लाईनवर परत गेली. तिने सही केली. आधीच्या बॅचची, अडीचशेची एक रिकामी डबी त्या झाकणाखालीच अडकलेली होती. मशीन सुरू झाल्यावर ती सरकत पुढे आली आणि पाचशेच्या गोळ्यांनी भरली गेली.

फॉर्म भरताना हे सगळं मला आठवत होतं. विसरलो असतो तर आज लिहायची वेळ आली नसती. दीपकचं नाव टाकलं तर युनियन दारात येणार. माझं टाकलं तर तेवीस वर्षांच्या नोकरीवर डाग. उरली कुंदा. ती काही बोलणार नाही. ठिपक्यांचा चार्ट ड्रॉवरमध्येच होता, तो उघडायचीही गरज पडली नाही. मी तिचं नाव लिहिलं.

चौकशीला प्लांट हेड, एचआरच्या मॅडम आणि मी.

"झाकण काढून बघितलेलंस?" प्लांट हेडनी विचारलं.

"नाही, सर."

"का?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी फॉर्मकडे बघत होतो.

"तुला काही सांगायचंय का?" मॅडमनी विचारलं.

तिने पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी पेनाला टोपण लावलं.

"नाही," ती म्हणाली.

पर्मनंटच्या यादीतून तिचं नाव काढलं. महिनाअखेरीला कॉन्ट्रॅक्टही संपवलं. दीपकला एक वॉर्निंग लेटर. मला काहीच नाही.

मंगलताईंनी मला गेटवर गाठलं. "सर, तिला तुम्ही निवडलंत ना?"

"तपासणीत निघालं ते."

"तपासणी कोणी केली?"

त्यानंतर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

याला चार वर्षं झाली. आता मी डोंबिवलीला दुसऱ्या कंपनीत इन-चार्ज आहे. गेल्या वर्षी इथल्या एचआरने एक तक्ता पाठवला. टीममधल्या प्रत्येकाचा स्वभाव कुठला, त्यावर खूण करा. बारा नावं होती. मी एकाही नावापुढे खूण करू शकलो नाही.

आधी जुन्या प्लांट हेडना पत्र लिहिलं, जे घडलं ते सगळं. त्यांचा फोन आला. "परब, फाईल कधीच बंद झाली. आता कशाला उकरताय?" मग त्या पत्राची एक प्रत घेतली आणि मोहन्याला गेलो.

कुंदाने दार उघडलं, ओळखलं, आत बसवलं. चहा ठेवला. तो येईपर्यंत मी सगळं बोलून टाकलं. गाडी, झाकण, 'सही कर'.

"मला माहितीय, सर," ती म्हणाली. "मी तिथेच होते."

"मग बोलली का नाहीस?" हा प्रश्न मी विचारला. तिच्या घरात बसून.

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलेले. तुम्ही समोर बसलेलात, तुमच्यादेखत मी कसं सांगणार? पेनाला टोपण लावलंत ना, तेव्हा कळलं."

म्हणजे ती स्वभावाने गप्प नव्हती. ती माझी वाट बघत होती. ट्रेनिंगमध्ये याचा रंग शिकवला नव्हता.

मी पत्राची प्रत पुढे केली. तिने ती शेवटपर्यंत वाचली. "याचं आता काय करू?"

"ठेव."

तिने ती रेशनकार्डाच्या पिशवीत घातली. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

"सध्या कुठे असतेस?"

"कल्याणला, एका गोडाऊनला. आलेला माल तपासते. तिथे मला भांडकुदळ म्हणतात." पहिल्यांदाच ती थोडी हसली. "खोकं उघडल्याशिवाय सही देत नाही ना. चहा घ्या, निवतोय."

एचआरला तो तक्ता मी कोराच परत पाठवला. आमच्या तपासणीच्या फॉर्मवर मात्र एक नवा रकाना छापून घेतला, माणसाच्या नावाच्या वर. 'इन-चार्जने काय सांगितलं होतं?'

आता फॉर्म लाईनवरच्यांकडून भरून येतात. तो रकाना बहुतेक वेळा रिकामाच असतो. भांडणारे, हसणारे, गप्प बसणारे, सगळ्यांचाच. तो रिकामा दिसला की मी माणसाला बोलावतो, दार लावून घेतो आणि आधी मी स्वतः काय म्हणालो होतो ते सांगतो. मग समोरचा बोलायला लागतो.