जानरावांच्या मोटारीचा पोळा

अमरावतीचा देवीदास मिस्त्री कुणापुढे वाकत नसे. दसऱ्याला बाकीचे मिस्त्री पान्यांना हळदकुंकू लावत आणि हा पठ्ठ्या चहा पीत त्यांची मजा बघत बसे. "लोखंडाले काय समजते?" हे त्याचं ठरलेलं बोलणं. हात मात्र असा, की भंगारात निघालेली गाडीही त्यानं पुन्हा रस्त्यावर आणावी.

१९६१ च्या पावसाळ्यात त्याला हिवरखेडहून बोलावणं आलं. तिथले जानराव एके काळी आपली मोटार स्वतः चालवत अकोटवरून अकोल्याच्या कापूस बाजाराला जायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा मोटार गोठ्यात उभी राहिली, ती उभीच. आता जानराव लकव्यानं खाटेला खिळले होते. वाचा गेली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. त्यांच्या पत्नी गोदाबाईंची एकच इच्छा होती, की नवऱ्याचे डोळे मिटण्याआधी त्याच्या कानावर त्या गाडीचा आवाज पडावा.

देवीदासानं गोठ्यातच मुक्काम ठोकला. वायरी बदलल्या, ब्रेक बसवले, इंजिन खोलून पुन्हा जोडलं. टाकीत पेट्रोल ओतलं आणि हँडल मारलं. गाडी खोकली, दोन-चार आचके देऊन गप्प झाली. नळीतून पेट्रोलच पुढं येत नव्हतं. त्यानं नळी सोडवली, सायकलच्या पंपानं हवा मारली. भसकन घाण बाहेर आली, गाडी जरा चालली आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. तो बिचाऱ्या पंपावरच उखडला. ओसरीतल्या खाटेवरून जानराव टक लावून बघत होते आणि त्या नजरेपुढं त्याला काही सुचेना.

शेवटी त्यानं टाकीच उतरवली. उपडी करून हलवली, तर आतून वाळून खडक झालेले तपकिरी गोळे गडगडत बाहेर पडले. एक त्यानं हातोडीनं फोडला. आत चण्याची डाळ दिसली.

"माय, हे काय व्हय?" त्यानं विचारलं.

गोदाबाईंचा चेहरा उतरला. "पुरनपोळी व्हय. गाडी ठेवली तवा ह्यायनं मले मनलं होतं, बैलायसारखंच हिच्याकडंबी पाहजो. मंग पोळ्याले बैलायले घास देल्यावर हिले काहून उपाशी ठेवू? दर साली टाकत होती मी." मग हळूच म्हणाल्या, "मीच मारली का भाऊ हिले?"

देवीदासाच्या ओठावर आलेली शिवी तिथंच विरली. त्याच्यासमोर एका बाईचे इतक्या वर्षांचे पोळे पडले होते. नवऱ्याचा एक शब्द तिनं एकाही सणाला खाली पडू दिला नव्हता. माणसाला माणसानं एवढा जीव लावलेला त्यानं पाहिला नव्हता, आणि इथं तर नुसतं लोखंड होतं.

"मेली नाई, माय," तो म्हणाला. "पोट गच्च झालं हाये फक्त."

त्यानं टाकी धुतली, नळीतून तार फिरवली, टाकीच्या तोंडाशी बारीक जाळी बसवली. हँडल मारताच इंजिन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. त्यानं गाडी ओसरीसमोर आणून उभी केली.

जानरावांचे डोळे भरून आले. पण देवीदासाचं लक्ष गेलं ते लकव्यातून वाचलेल्या त्यांच्या उजव्या पायाकडे. तो पाय खाटेच्या पायथ्याचं लाकूड दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता. त्या पायाबरोबर देवीदासही गाडीत बसल्या जागी अ‍ॅक्सिलरेटरवर आपला पाय दाबू लागला. इंजिनाचा आवाज जानरावांच्या पायानं चढू-उतरू लागला.

थोड्या वेळानं जानरावांचा पाय सैलावला. देवीदासानंही पाय उचलला.

"अकोट आलं असन," गोदाबाई म्हणाल्या. "बाजारात हमेशा हळूच घेतेत."

पाय पुन्हा लाकडावर गेला. अकोला येईपर्यंत देवीदास जागचा उठला नाही.