दासगावच्या वळणावरची घंटा

कापडे गावच्या हैबतीला सगळ्याचीच घाई. एस्टी थांबायच्या आत तो उतरायचा आणि भात शिजायच्या आत पानावर बसायचा. साठ सालच्या सुमाराला गावदेवीची नवी घंटा मुंबईहून आणायचं ठरलं, तेव्हाही पहिला बोलला तोच. "ट्रकात आदळून तडकंल. मचव्यातनं आणा!"

मचवा अख्खा समुद्र ओलांडून आला आणि सावित्री नदीत, दासगावच्या वळणावर, खडकाला आपटून बसला तळाला. माणसं पोहून बाहेर आली. घंटेला पोहता येत नव्हतं.

शिमगा तोंडावर. पालखी घंटेविना निघाली असती, तर हैबतीला गावात तोंड दाखवायची सोय उरली नसती.

"मीच बुडी मारतो," तो म्हणाला.

"हंड्यासाठी विहिरीत उतरलात," त्याची बायको प्रयागबाई म्हणाली, "तर हंडा राहिला नि तुम्हालाच वर काढायला लागलं."

गावचाच गोमाजी मुंबईच्या गोदीत बुडी मारणाऱ्या माणसांचा दोर धरायचा. तो सुटीवर आला होता, पाण्याखाली बघायला डोळ्यांवर बांधायची काच घेऊनच. त्याने हैबतीच्या डोळ्यांवर काच नि कमरेला दोर बांधला आणि ओहोटी संपून पाणी थबकेपर्यंत त्याला दासगावच्या काठावर बसवून ठेवलं. हैबती बसल्या जागी उड्या मारत होता.

"मचव्याच्या पोटात शिरायचं नाय, हैबतीदादा. बाहेरनं हात पोचंल तेवढंच आपलं. पाय झाडायचे नाय, गाळ उठला की काय दिसायचं नाय. आणि छातीत दम शिल्लक हाय तवरच वर यायचं."

"नि तेवढ्यात घंटा हाताला लागली तर?"

"तिला सांगायचं, थांब गो, परत येतो!"

हैबतीने बुडी मारली. हिरव्या अंधारात मचव्याच्या फासळ्या दिसल्या, आणि त्यांच्यामध्ये पितळेची लकाकी! हात पोचला. दम संपत आला होता. जन्मात कशाची वाट न पाहिलेला हैबती घंटा सोडून वर आला. "हाय रे, हाय! हाताला लागली!"

काठावर एकच गलका झाला. दुसऱ्या बुडीला तो दुसरा दोर घेऊन गेला. घंटेच्या कानात गाठ मारून होतेय तोच दोर जरासा हलला, आणि वरच्या गाववाल्यांच्या अंगात शिमगा संचारला. होळीचं झाड रानातून ओढतात तशी सगळ्यांनी आरोळी ठोकली आणि दिला हिसका!

घंटा उडाली, फासळ्यांत अडकली. गाळ उसळला. हैबतीला स्वतःचा हातही दिसेना. घंटेकडे झेपावायचा मोह झाला. पण त्याने कमरेचा दोर चाचपला आणि हातावर हात टाकत सरळ वर आला.

वर गोमाजी दोरावर आडवा पडून ओरडत होता, "सोडा, सोडा! माणूस हाय खाली!"

हैबतीचं डोकं दिसलं तसा तो उठला. एक रिकामी होडी मचव्याच्या वर आणून घंटेचा दोर त्याने तिला ताणून बांधला. "आता बसा. भरती ओढंल."

पाणी चढू लागलं. होडीचा एक काठ वाकला, आणखी वाकला. हैबती मुठी आवळून बसला होता. प्रयागबाईने त्याची बंडी मागून धरून ठेवली होती. होडी अचानक उसळली. फासळ्यांतून घंटा सुटली!

सगळ्यांनी धरून घंटा काठावर आणली. तिच्या पोटातला चिखल हैबतीने ओंजळींनी उपसला, लोलक मोकळा केला आणि बांबूला टांगून पहिला टोल दिला. मग दुसरा. मग तो थांबेचना. गावाकडे परतताना पोलादपूरच्या वाटेवर कुणाला कुणाचं बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि तरीही सगळे एकाच वेळी बोलत होते.