रंग आला की नाही

म्हणायला कारखाना, पण होती ती एकच खोली. उत्तरेला मोठी खिडकी, भिंतीशी ओळीनं मांडलेली काचेची चार भांडी, वर धूर ओढून घेणारा पंखा आणि दाराला आतून कडी. कडी एवढ्यासाठी की आत सोन्याच्या जोडीला सायनाइडचं विषही होतं, आणि बाबा ते एक दिवससुद्धा विसरले नव्हते. त्या खोलीत पाणी प्यायला मनाई. तहान लागली की हात कोपरापर्यंत धुवायचे आणि बाहेरच्या बाकावर जायचं.

बाबा म्हणजे सासरे. चाळीस वर्षं वस्तूंना सोन्याचा मुलामा देत आले होते. सून लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांचा विसरलेला डबा पोचवायला आली आणि तिथलीच झाली. कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली, त्यामुळे सोन्याचा क्षार सगळ्यात शेवटी का घालता, असं तिनं विचारलं. बाबांनी तराजू खाली ठेवला. इतक्या वर्षांत घरातल्या कुणी त्यांना काही विचारलं असेल तर ते जेवायला कधी येणार एवढंच.

भांड्यातल्या द्रावणाला ते 'पाणी' म्हणत. चष्मेवाल्याचं पाणी वेगळं, घड्याळवाल्याचं वेगळं. चष्मेवाल्याला फिकट, सौम्य सोनं लागे. घड्याळवाल्याला जरा तांबूस, म्हणून त्याच्या पाण्यात तांब्याचा कण. आधी शुद्ध पाणी कोमट करायचं, मग एकेक क्षार पूर्ण विरघळला की दुसरा, आणि सोनं वेगळ्या पेल्यात विरघळवून अगदी शेवटी, नव्या नवरीला घरात घ्यावं तसं हळू. सगळी मापं वहीत लिहिलेली, दशांश चिन्हासकट. त्यात अंदाजपंचे काही चालत नसे.

फक्त एक गोष्ट वहीत नव्हती. वस्तू पाण्यात किती वेळ धरायची, ते बाबांचा डोळा ठरवी. तांब्याच्या तारेला वस्तू अडकवून ते ती पाण्यात हलवत राहात, सून विजेच्या बटणापाशी बसे. निकेलच्या पांढुरक्या अंगावर पिवळा रंग चढे, भरे, आणि नेमक्या क्षणी बाबा म्हणत, "आला." दारात पाहुणा दिसावा तसं. की तिनं बटण बंद करायचं. तिनं एकदा सेकंदांचं घड्याळ आणून ठेवलं, तर त्याला रंग दिसतो का, असं विचारून बाबांनी ते सासूबाईंना अंडी उकडायला देऊन टाकलं.

अकरा वर्षं असं चाललं. मग चष्मेवाला दोन फ्रेमा घेऊन परत आला आणि ओशाळून म्हणाला की फिक्या वाटतात. बाबांनी त्या खिडकीशी धरल्या. त्यांना काही फिकं दिसेना. पण गिऱ्हाईक जुनं, त्याला वाकडं कसं बोलणार, म्हणून दोष पाण्यावर गेला. पाणी रुसलंय, म्हणाले. कोळशाच्या भुकटीतून गाळलं, आंबटपणा कागदानं तपासला, शेवटी सगळं बाजूला काढून नव्यानं बनवलं. मापं सुनेनं स्वतः घेतली. पुढच्या आठवड्यात आणखी तीन फ्रेमा परत आल्या. मग शुद्ध पाणी पुरवणाऱ्याची बिचाऱ्याची पाळी आली. तो नळाचं पाणी भरून देतो, असा आरोप त्याच्यावर महिनाभर राहिला.

सुनेला कळलं ते एका सोमवारी. बाबा "आला" म्हणाले आणि तिनं सहज मान उंचावून पाहिलं. चष्म्याची दांडी कडांना अजून पांढरी होती. घरी तिनं लक्ष ठेवलं, तर ते सासूबाईंच्या पांढऱ्या साडीला पिवळी म्हणत होते.

सासूबाईंनी भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं. आपल्यालाही शंका होती, म्हणाल्या. मग हात थांबवून हळूच म्हणाल्या, "सांगितलंस तर उद्यापासून ते तिकडे पाऊल ठेवायचे नाहीत. मी ओळखते ना त्यांना. घरात बसले की आठ दिवसांत म्हातारे होतील."

म्हणून तिनं सांगितलं नाही. त्यांनी "आला" म्हटलं की ती मनात चार, पाच, कधी सहा मोजी, तिरप्या नजरेनं भांड्यात पाही आणि मग बटण बंद करी. बाबा तेवढा वेळ तार हलवतच राहात, सवयीनं. तक्रारी थांबल्या. पाणी एकदाचं ताळ्यावर आलं, असं बाबा सगळ्यांना सांगू लागले. सुनेला ते ऐकवत नसे. ज्या माणसानं आपल्याला सगळं शिकवलं, त्याच्याच पाठीमागे आपण हे करतोय, हे तिला खाई.

तीन महिने निभावलं. मग एकदा दुपारी तार बाहेर काढून बाबा नुसतेच उभे राहिले.

"सूनबाई, बटण उशिरा वाजतंय."

तिनं बटणावरचा हात काढून घेतला.

"डोळ्यांचं ठाऊक नाही, पण कान शाबूत आहेत माझे. किती दिवस?"

"तीन महिने, बाबा."

त्यांनी हातमोजे काढले, उलटे करून धुतले, वाळत घातले. एप्रनची घडी केली. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते एवढंच म्हणाले, "मग पाणी नव्हतंच रुसलेलं." आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्याही नाही. सून एकटीच काम करी, डाव्या हातानं तार, उजव्या हातानं बटण, आणि प्रत्येक वस्तू खिडकीशी दहादा नेऊन पाही. घरी बाबा तिच्याशी नीट बोलत, नातवंडांचं विचारत, कामाचा मात्र चकार शब्द काढत नसत. दिवसभर नळ दुरुस्त करत. एकही नळ गळत नव्हता, असं सासूबाई म्हणाल्या, आता गळतात.

शेवटी सासूबाईंनीच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यातलं भिंग पिवळं पडलंय, डॉक्टर म्हणाले, पांढरंही तुम्हाला सोनेरी दिसतं. बाबा तिथंच हसले. चाळीस वर्षं बाहेर दिलेला मुलामा आतही चढला म्हणायचा! एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, आणि त्यांनी बायकोकडे बघून विचारलं की तुझे केस एवढे पांढरे कधी झाले. सासूबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

महिन्यानं ते खोलीत आले. त्यांच्या मागे चष्मेवाला, हातात पुडकं. त्या तीन महिन्यांतल्या फ्रेमा बाबांनी त्याला गिऱ्हाइकांकडून गोळा करून आणायला लावल्या होत्या. बाबांनी एकेक फ्रेम खिडकीशी धरली, आधी नव्या डोळ्यानं, मग जुन्या. असा अर्धा तास गेला. चौदा फ्रेमा त्यांनी एका बाजूला ठेवल्या. पंधरावी हातातच राहिली.

"ही दोन सेकंद जास्त झाली."

सुनेनं ती घेतली, उजेडात फिरवली. हो म्हणून मोकळं व्हावं, असं क्षणभर वाटलं तिला.

"नाही, बाबा. हिची बिजागरी जुनी आहे, तिचा रंग गडद. तिला जुळवायला मुद्दाम ठेवली."

बाबांनी फ्रेम परत घेतली. बिजागरी पाहिली, दांडी पाहिली, पुन्हा बिजागरी.

"एक सेकंद तरी जास्त आहे."

"अर्धा."

"बरं, अर्धा," बाबा म्हणाले आणि एप्रन कुठे ठेवलास म्हणून विचारलं. चष्मेवाला केव्हाचा दारात ताटकळत होता. ती फ्रेम ज्यांची आहे त्या बाई दुकानात चष्म्यावाचून बसल्यात, तेव्हा ती आता नेऊ का, असं त्यानं विचारलं.