परत न आलेले कागद

आखाती युद्ध संपून दोन वर्षं झाली होती तेव्हा मी कुवेतला आलो. मुलगी पाच महिन्यांची होती. शर्कमधल्या एका कंपनीत मला नोकरी लागली ती सरकारी कचेरीतून कागद परत येऊ नयेत म्हणून ते आधी तपासायची. कंपनी छोट्या धंदेवाल्यांना कर्ज द्यायची आणि त्यांची यंत्रं तारण ठेवून घ्यायची: बेकरीच्या भट्ट्या, लॉन्ड्रीची मशिनं. यंत्र त्यांच्याच दुकानात राहायचं, आमचा हक्क फक्त सरकारदरबारी नोंदलेला. ज्याची नोंद आधी त्याचा हक्क आधी. आणि परत आलेला कागद म्हणजे तो दिलाच नव्हता असं समजायचं.

हे मला पहिल्याच महिन्यात कळलं, तेही चारचौघांत. एका बेकरीचा अर्ज मी पाठवला. तिच्या परवान्याची मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती, ते माझ्या नजरेतून सुटलं. आमचा मंदूब, म्हणजे कंपनीच्या वतीने कचेऱ्यांत खेपा घालणारा माणूस, लाल शिक्क्याचा कागद घेऊन परत आला. मरफूद. नामंजूर. बेकरीवाल्याचा नवा परवाना आल्यावर आमचा अर्ज पुन्हा जाईपर्यंत दुसऱ्या कर्ज देणाऱ्याने त्याच भट्ट्यांवर आपली नोंद करून घेतली. पुढे बेकरी बुडाली, भट्ट्या तो दुसराच घेऊन गेला आणि आमच्या तोंडाला पानं पुसली गेली. पण मॅनेजरने तेवढी वाट पाहिली नाही. मुंबईचाच माणूस, मराठी उत्तम येत होतं, पण हाताखालच्यांशी हिंदीतच बोलायचा. त्याने तो कागद हातात उंच धरून सगळ्या हॉलला दाखवला आणि म्हणाला, "ये देखो, साहब का पहला काम."

सगळे हसले. मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ड्रॉवरमध्ये आतून एक पुठ्ठा चिकटवला. परवाना कधीपर्यंत, सही करणाऱ्याला सहीचा अधिकार आहे का, सरकारी फीची तिकिटं पुरेशी लावली का, असं काय काय त्यावर लिहीत गेलो. यंत्राचा नंबर गिऱ्हाइकाच्या बिलावरून उतरवायचं तर मी सोडूनच दिलं. भर उन्हात दुकानात जायचो, यंत्रावरच्या पट्टीवर पातळ कागद धरून वरून पेन्सिल घासायचो आणि उमटलेला नंबर घेऊन यायचो. लॉन्ड्रीवाले माझी चेष्टा करायचे. एक शंका जरी उरली तरी कागद माझ्या टेबलावरून हलत नसे. मंदूब वैतागून म्हणायचा, देऊन तर बघू, फार तर परत करतील. त्याचं काय जात होतं म्हणायला! लाल शिक्का त्याच्या तोंडावर कुणी नाचवला नव्हता.

त्यानंतर माझ्या हातचा एकही कागद परत आला नाही. मॅनेजर पाहुण्यांना मला दाखवायचा, एखादं नवं मशीन दाखवावं तसं. पगार वाढवायचा विषय निघाला की मात्र त्याला हमखास फोन यायचा.

पगाराचं एवढ्यासाठी की फॅमिली व्हिसाला करारात ठरावीक पगार लागायचा आणि माझा त्याला वीस दिनार कमी होता. "अगले महीने कर देंगे," असा गूळ तो माझ्या कोपराला वर्षानुवर्षं लावत राहिला. मी मात्र फाइल तयार ठेवली होती. लग्नाचा दाखला, त्यावर मुंबईचे, दिल्लीचे, वकिलातीचे शिक्के, बायकोचा फोटो, मुलीचा फोटो. फोटो ताजे लागतात म्हणून दर सुट्टीत चिपळूणला दोघींना स्टुडिओत न्यायचो. मुलगी आधी मांडीवर बसायची, मग स्टुलावर, मग आपली आपण उभी राहायला लागली. फाइल तेवढी खोलीतल्या बॅगेतच राहिली. आणि पगार कमी आहे हे मी घरी कधी सांगितलं नाही. गावात माझा तोरा होता. बायकोने विचारलं की सांगायचो, इथलं सरकार नाही म्हणतंय.

रिग्गईला आम्ही चौघे एका खोलीत राहायचो. त्यातला एक खेडचा, जाब्रियातल्या एका दवाखान्यात एसी दुरुस्त करायचा. त्याचा पगार माझ्याहूनही कमी. एक दिवस तो खोलीत पेढे घेऊन आला. बायकोचा व्हिसा झाला होता.

"कसा झाला?" मी विचारलं. माझा आवाज चढलाच.

"तीनदा परत केलानी. चौथ्यांदा दुसऱ्या खिडकीवर गेलो. तिथल्या म्हाताऱ्यान विचारलान, पोरं किती? म्हटलं, दोन. मारलान शिक्का."

"पगार नाही बघितला?"

"बघितलान असंल. मी काय विचारायला जातोय?" मग पेढा माझ्या हातावर ठेवत म्हणाला, "तुझं किती वेळा परत आलं?"

"एकदाही नाही."

"म्हणजे दिलासच नाय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. असा अर्धामुर्धा कागद देतात का, म्हणून मी त्याला झापलं. नियम सांगितले. मला माझंच बोलणं मॅनेजरसारखं ऐकू येत होतं.

त्याच आठवड्यात मी फाइल काढली. मुलीचा फोटो गेल्या सुट्टीतला, तीन वर्षांपूर्वीचा होता. फोन कार्ड घेतलं आणि बायकोला सांगितलं, दोघींचे नवे फोटो पाठव, अर्ज देतोय.

"ती नाही यायची आता," बायको म्हणाली. "नववीत आहे. विचारलं होतं मी मागे. म्हणाली, बाबा सुट्टीत येतात तेवढे पुरे." मग म्हणाली, "पण अहो, इतकी वर्षं नाही म्हणणारं सरकार आता हो म्हणतंय का?"

"माहीत नाही. अर्ज आता पहिल्यांदाच देणार आहे."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"मग चौदा वर्षं नाही कोण म्हणत होतं?" तिने विचारलं.

मी कार्ड संपल्याचं सांगून फोन ठेवला. कार्डात अजून अकरा मिनिटं शिल्लक होती.