पाणी उडतं, मीठ राहतं

मास्तरांना आणलं तेव्हा मी त्याच दवाखान्यात ड्यूटीवर होते. वॉर्डबॉय धावत आला, "सिस्टर, जल्दी चला, मास्तरले आणलं," म्हणाला. गेले तर स्ट्रेचरवर माझा नवरा, तोंड एका बाजूला वाकलेलं, हात लोंबकळत असलेला. रक्तदाब मीच मोजला. तो आकडा इथे लिहिणार नाही… दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. सगळं चंद्रपूर त्यांना मास्तर म्हणे, घरात मीही तेच म्हणत असे. आता दीड महिना झाला. भेटायला येणारा प्रत्येकजण मास्तर किती शांत, किती नेमके, हे मला ऐकवून जातो आणि मी चहा ठेवते. नेमके होते, खरंच आहे. म्हणून तर माझा संताप जात नाही.

समुद्र कुठे आणि आम्ही कुठे! पण शाळेत विज्ञान शिकवता शिकवता खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचं खूळ मास्तरांच्या डोक्यात शिरलं, आणि त्यांच्या डोक्यात शिरलेलं काही बाहेर निघत नसे. त्यांचे मित्र नगराळेभाऊ रेल्वेत गार्ड. मद्रासकडच्या गाडीवरच्या ओळखीच्या लोकांकडून ते बल्लारशाला समुद्राच्या पाण्याचे कॅन मागवायचे. पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासेही असेच आले, प्लास्टिकच्या पिशवीत, अर्धमेले. बैठकीच्या खोलीत लोखंडी चौकटीची काचेची टाकी बसली, आणि पाहुण्यांनी बसायचं कुठे हा प्रश्न माझ्यावर सोडून मास्तर तिच्यासमोर स्टूल टाकून बसले.

पहिल्याच उन्हाळ्यात गंमत झाली. आपल्याकडचा मे महिना, वर कूलरचा वारा, टाकीतलं पाणी भराभर आटायला लागलं. मास्तर शाळेच्या कामाला बाहेरगावी गेले होते. नगराळेभाऊ आले, पाणी खाली गेलेलं पाहून त्यांनी उरलेला कॅन टाकीत रिकामा केला. समुद्राच्या माशाला समुद्राचंच पाणी हवं, असा त्यांचा साधा हिशेब. मास्तर परतले, तर मासे कोपऱ्यात धापा टाकत होते. पाणी जितकं खारट तितकी वर तरंगणारी एक काचेची नळी त्यांच्याकडे होती. ती सोडली तर टुणकन वर आली.

"अरे भाऊ, पानी उडते, मीठ थोडीच उडते!" मास्तर म्हणाले. "पह्यलंचं मीठ आतच होतं. त्याच्यावर तुमी अजून खारं ओतलं."

मग पाण्यातलं मीठ उतरवणं सुरू झालं. रोज टाकीतलं थोडं खारं पाणी काढायचं आणि रांजणात साठवलेलं पावसाचं तेवढंच पाणी हळूहळू सोडायचं, मग नळी पाहायची, मग उद्यापर्यंत थांबायचं. मी वैतागून म्हटलं, "एकदाच बदलून टाका नं सारं."

"एकदम नाई. धक्का बसते त्याईले. मीठ कमी होऊन राह्यलं, हे त्याईले कळलंच नाई पायजे."

मासे जगले. आणि मी ती रीत शिकून ठेवली.

कारण पुढे मास्तरांचाच रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी मीठ बंद सांगितलं. ताटात कच्च्या मिठाचा ढीग घेऊन बसणारा माणूस हा! पहिल्या दिवशी अळणी वरण वाढलं, तर ताट सरकवून उठले. तेव्हा मी त्यांच्याच माशांची युक्ती त्यांच्यावर चालवली. दर आठवड्याला भाजीतलं मीठ चिमूटभर कमी. दिवाळीपर्यंत स्वयंपाक पार अळणी झाला आणि मास्तर चूपचाप जेवत होते. केवढी फुशारकी होती मला! वॉर्डातल्या बायांना मी हा उपाय सांगत सुटले होते. तरी रक्तदाब उतरेना. मी डॉक्टरांशी भांडले, गोळ्या बदलायला लावल्या, शाळेतल्या कटकटींना बोल लावला. पाच वर्षं मी कारण शोधत होते.

कारण मला मास्तरांच्या मागे ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी कळलं. वंदना झाली, जेवणं झाली, लोक पांगले. नगराळेभाऊ टाकीजवळ बसून डोळे पुसत होते आणि हसतही होते.

"वयनी, मास्तर लय बेरकी. तुमी भाजीतलं मीठ कमी करून राह्यल्या, हे त्याईले पह्यल्याच आठवड्यात समजलं होतं. मले म्हने, तिले सांगू नको, ती लय खुश आहे."

"मंग?"

"मंग काय… माह्या घरी येऊन लोणचं खाये. अन् टाकीच्या काचेवर पानी उडून पांढरं मीठ वाळते नं, ते बोटानं खरवडून चाटे."

टाकीची कड कशी स्वच्छ ठेवतात, म्हणून मी त्यांचं कौतुक करत होते हो! भाऊंना मी त्याच क्षणी उठायला सांगितलं. ते बिचारे चपला शोधत गेले, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. खुश आहे म्हणे! माझी खुशी सांभाळायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं, मास्तर? दोन माशांना धक्का बसू नये म्हणून आठवडाभर स्टुलावर बसलात. मला धक्का बसेल, हे नाही सुचलं?

टाकी देऊन टाका, असं बहीण म्हणते. मी नाही दिली. माशांनी माझं काय वाईट केलंय? आटलं तेवढं साधं पाणी घालते, नळी पाहते, कड ओल्या फडक्याने पुसते.

काल वांग्याची भाजी केली. आता मीठ घालायला मनाई कोणाची? घातलं, सगळे घालतात तेवढंच. पहिलाच घास तोंडातून काढून टाकावा लागला, इतका खारट लागला. दोन भाज्या दिसल्या तर मास्तरांना संशय येईल, म्हणून ही पाच वर्षं त्यांच्या पातेल्यातलंच मी जेवत होते. या घरात अळणी खाणारी मी एकटीच होते.